अंदमानच्या जंगलात पानामागे सापडलेली पांढरी माशी: नवीन प्रजाती आहे हे ठरवायचं कसं?

पानामागे
नमस्कार मंडळी. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, कीटकशास्त्रात एमएस्सी ॲग्री केलंय, आणि सध्या दीड वर्षापासून दक्षिण अंदमानात एका प्रोजेक्टवर आहे. पांढरी माशी म्हटलं की आजवर डोळ्यासमोर कापूसच यायचा, घरची पाच एकर पऱ्हाटी आहे त्यामुळे लहानपणापासून पान उलटं करून बघायची सवय. तीच सवय इथे जंगलात पण लागली.

तर झालं असं की फेब्रुवारीत चिडिया टापूच्या बाजूला जंगलात (वनखात्याची परवानगी आहे, ती आधीच सांगतो) एका मध्यम उंचीच्या झाडाच्या जुन्या पानांच्या खालच्या अंगाला काळेकुट्ट, लंबगोल, साधारण एक मिलिमीटरचे ठिपके दिसले, प्रत्येकाच्या कडेने काचेसारखी चमकणारी पांढऱ्या मेणाची झालर. हातभिंगातून बघितलं तर प्युपेरिया, म्हणजे माशीच्या पिल्लाच्या शेवटच्या अवस्थेचे कोष. अंगावर काटे नाहीत, म्हणजे आपल्या संत्र्यावरच्या काळ्या माशीसारखं ते नाही. मी भारतातल्या पांढऱ्या माशांची जी की (लक्षणांचे दोन-दोन पर्याय निवडत प्रजाती ओळखायचा तक्ता) मिळाली ती लावून बघितली, दोन-तीनदा लावली, प्रत्येक वेळी एका ठिकाणी येऊन अडकतो, दोन्ही पर्याय जुळत नाहीत.

माझ्याकडे एकूण ९ प्युपेरिया आहेत, त्यातल्या ४ ला वरून गोल भोक आहे. पहिल्यांदा पानं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, इथल्या दमट हवेत दोन दिवसात बुरशी आली आणि अर्धं मटेरियल गेलं, ते दुःख वेगळंच. आता प्रश्न असे की ही नवीन प्रजाती असू शकते का, असेल तर पुढे नेमकं काय करायचं, आणि ९ नमुन्यांवर पेपर होतो का? झाड कोणतं ते मला ओळखता आलेलं नाही. फोटो खाली टाकलेत.

स्लाईडवाली_ताई
फोटो छान आलेत पण फोटोवरून मी जीनससुद्धा (प्रजातीच्या वरचा गट) सांगणार नाही, आणि कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नकोस. मी चौदा वर्षं याच कामात आहे, तरी स्लाईड झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आधी मूळ गोष्ट, कारण इथे बाकीचे पण वाचतायत. पांढऱ्या माशीची ओळख माशीवरून होतच नाही म्हटलं तरी चालेल. उडणारी मोठी माशी बघितली तर सगळ्या सारख्याच, पंखावर पांढरी भुकटी, दीड-दोन मिलिमीटरचा जीव. लिनियसने १७५८ मध्ये कोबीवरच्या पांढऱ्या माशीचं वर्णन केलं तेव्हा तिला पतंगांमध्ये टाकलं होतं, इतका तो पंखांचा फसवा प्रकार. खरी ओळख असते पिल्लाच्या चौथ्या आणि शेवटच्या अवस्थेत, ज्याला आपण प्युपेरियम म्हणतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं चालतं, जागा धरतं, सोंड पानात खुपसतं आणि मग माशी होऊन बाहेर पडेपर्यंत जागचं हलत नाही. म्हणून त्याच्या पाठीवर जे काही कोरलेलं असतं ते सगळं त्या प्रजातीची सही समज.

आता तुझी ती गोल भोकं. माशी बाहेर पडते तेव्हा प्युपेरियम इंग्रजी टी अक्षरासारखं फाटतं. गोल भोक म्हणजे आतून परजीवी गांधीलमाशी निघालीय. परजीवी पोसलेलं प्युपेरियम फुगतं, आकार बिघडतो, रंग बदलतो, काही वेळा अशा बिघडलेल्या नमुन्यांवरून लोकांनी फरक मोजलेत. ते चार वर्णनातून बाद. पण टाकू नकोस, परजीवींवर काम करणाऱ्याला ते सोन्यासारखे आहेत. टी आकाराने फाटलेल्या रिकाम्या काती मिळाल्या तर जरूर घे, आत काही नसल्यामुळे त्यांच्या स्लाईड सगळ्यात स्वच्छ होतात.

राहिले पाच. पाचावर मी वर्णन करणार नाही. नियम अडवत नाही, एका नमुन्यावरसुद्धा प्रजाती मांडता येते, पण त्यातला एक फाटला, एकात हवेचा बुडबुडा राहिला, की तू फरक आहे की अपघात आहे हे सांगूच शकणार नाहीस. परत जा, तेच झाड गाठ, आणि त्याच जातीची अजून दोन-तीन झाडं शोध. पानं कागदी पाकिटात ठेवायची, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, पाकीट वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलायचा. सुकलेल्या पानावर प्युपेरियम वर्षानुवर्षं टिकतं, मेणाची झालर पण टिकते. काही नमुने वेगळे शुद्ध अल्कोहोलमध्ये.

स्लाईडचं थोडक्यात सांगते. काळं प्युपेरियम आहे म्हणजे आधी रंग उतरवावा लागेल, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब, आणि इथे घाई करायची नाही, भिंगाखाली बसून नजर ठेवायची, नाहीतर दोन मिनिटात सगळं पांढरंफटक होऊन जातं. मग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये कोमट गरम, आतला ऐवज बारीक सुईने हळूच दाबून बाहेर काढायचा, धुवायचं, ॲसेटिक ॲसिड, ॲसिड फुक्सिनचा गुलाबी रंग, लवंग तेल, आणि शेवटी कॅनडा बाल्सम. एकेक प्युपेरियम कमीत कमी अर्धा दिवस खातं. काही पाठीवर काही पोटावर बसव, दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत.

मग बघायचं काय तर कडेचे दात, ०.१ मिलिमीटरमध्ये किती बसतात ते मोजून. श्वासनलिकेच्या तोंडाशी कडेला कंगवा आहे का. पाठीवरचे केस, छिद्रं, आडवी शिवण कडेपर्यंत जाते का मध्येच थांबते. आणि मागच्या टोकाजवळचा तो फुलदाणीच्या आकाराचा खड्डा, व्हॅसिफॉर्म ओरिफिस. माझी सगळ्यात आवडती जागा. त्यावर झाकण असतं ओपरक्युलम, आणि खाली जिभेसारखी लिंग्युला, जिवंतपणी पिल्लू त्या जिभेवर चिकट गोड थेंब धरतं आणि लांब उडवून देतं म्हणजे स्वतः त्यात बुडायला नको. तो खड्डा उघडा आहे का बंद, झाकण किती भरतं, जीभ बाहेर डोकावते का, यावर जीनस फिरतात.

माडवाला
मी शेतकरी आहे, सिंधुदुर्गातला, माझा प्रश्न प्रामाणिक आहे त्यामुळे राग मानू नये. आमच्याकडे रुगोज पांढऱ्या माशीने माडांची काय अवस्था केली ती तुम्हाला माहीत असेलच. झावळीच्या खालून पांढरी चक्राकार रांगोळी आणि खालच्या झावळ्या, केळी, अगदी अंगणातलं तुळशीवृंदावन सुद्धा काळं चिकट होऊन गेलेलं, आई रोज सकाळी तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसायची. अशा वेळी अंदमानच्या जंगलात कोणाला त्रास न देणाऱ्या माशीला नाव देण्यात एवढी वर्षं माणसं घालवतात त्याचा आम्हाला काय उपयोग, हे कोणी समजावून सांगेल का?

स्लाईडवाली_ताई
माडवाला दादा, राग कशाला, हाच प्रश्न मला माझे वडील पण विचारायचे.

तुमच्या माडावरच्या त्या माशीचंच उदाहरण घ्या. तिचं शास्त्रीय नाव अल्यूरोडिकस रुगिओपरक्युलेटस. तिचं वर्णन २००४ मध्ये झालं, मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधल्या नमुन्यांवरून. तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हती. पाचच वर्षांनी ती फ्लोरिडात दिसली आणि तिथे तिने शहरातल्या ताडामाडांचं वाटोळं केलं. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या आणि केरळच्या माडांवर आली. तेव्हा आपल्या लोकांनी स्लाईड केली, ते २००४ चं वर्णन काढलं, झाकणावरच्या सुरकुत्या जुळल्या (नावातच ते आहे, सुरकुतलेल्या झाकणाची) आणि ओळख पक्की झाली. ओळख पटली म्हणून लगेच कळलं की तिच्यावर एन्कार्सिया ग्वादेलूपी नावाची बारकी गांधीलमाशी चालते, आणि ती आधीच आपल्याकडे होती, तिच्याच जातभाईवर, १९९०च्या दशकात आलेल्या सर्पिल पांढऱ्या माशीवर जगत होती. म्हणून तर सल्ला आला की भरमसाट फवारू नका, परजीवी मरतील. २००४ चं ते वर्णन नसतं तर हे सगळं शून्यापासून.

उलटं पण झालेलं आहे. आपल्या नागपुरी संत्र्यावर कोळशी (पानावरची काळी बुरशी) आणणारी काळी माशी, अल्यूरोकँथस वोग्लुमी. ती मूळची आशियातली, पण शास्त्राने तिला नाव दिलं १९१५ मध्ये, जमैकातल्या नमुन्यांवरून, तिथे जाऊन नुकसान करायला लागल्यावर. घरी होती तोवर कोणी वर्णनच केलं नव्हतं. जंगलातल्या माशीचं काम मी करते त्याचं कारण हेच आहे, आज ती झाडावर शांत बसलीय, तिचे परजीवी तिच्यासोबत आहेत, तेव्हाच तिची आणि त्यांची दोघांची नोंद झाली पाहिजे. रोपांच्या कुंडीतून ती उद्या कुठे जाईल सांगता येत नाही.

माडवाला
हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पण फवारणी थांबवल्यावर दुसऱ्या वर्षी झावळ्यांवर काळे पडलेले कोष दिसायला लागले, एकाने सांगितलं ते परजीवी लागलेले, तोडू नका. पोराला म्हणावं जोमात काम कर.

हर्बेरियम_वेडा
किड्याबद्दल मला कळत नाही, मी झाडांचा माणूस. पण झाड ओळखता आलेलं नाही हे वाक्य वाचून थांबलो. पांढरी माशी ज्या झाडावर सापडते ते झाड तिच्या वर्णनाचा भाग असतं, बरोबर ना? मग एखाद्या अनोळखी झाडावरून, बेटावरून, असं लिहिलेलं कायमचं राहून जातं आणि पुढच्या माणसाला ते झाड शोधताच येत नाही. नुसती पानं आणून कोणाला विचारू नका, पानावरून अंदमानच्या जंगलात सगळे हरतात. फूल किंवा फळ असलेली फांदी हवी, सालीचा वास, चीक निघतो का, पानं समोरासमोर का एकाआड एक, कोवळ्या पानाचा रंग, हे तिथेच वहीत लिहायचं, कारण वाळल्यावर हे जातं. फांदी दाबून, लेबल लावून बॉटनिकल सर्व्हेच्या पोर्ट ब्लेअरच्या केंद्रात दाखवा (आता शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय पण सवय जात नाही).

आणि एक. अंदमानची झाडं बघताना केरळ आणि कर्नाटकाचं पुस्तक काढू नका. अंदमानच्या वनस्पतींचं नातं म्यानमारच्या बाजूला जास्त, निकोबारचं सुमात्रा-मलायाकडे. झाड तिकडचं असेल तर किडा पण तिकडचा असू शकतो.

स्लाईडवाली_ताई
वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य तीनदा वाच रे बाळा. तुझी की का अडकते त्याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. तू लावलीस ती भारतातल्या प्रजातींची. पण तुझी माशी जर मलायात किंवा थायलंडात आधीच नाव मिळालेली असेल तर भारतीय कीमध्ये ती सापडणारच नाही, आणि तुला वाटणार नवीन. मग ती भारतातली पहिली नोंद ठरते, ती पण चांगली गोष्ट आहे, पण नवीन प्रजाती नाही. सिंगचं १९३१ चं आणि डेव्हिड-सुब्रमण्यम यांचं १९७६ चं काम बघितलंच असशील. आता कॉर्बेटचं १९३५ चं मलायावरचं काढ, आणि ताकाहाशीने तैवान, थायलंड वगैरेवर जे लिहिलंय ते. जुनी वर्णनं कधी कधी चार ओळींची असतात, चित्र पुसट असतं, तिथे मूळ टाइप स्लाईडच (ज्या नमुन्यावरून नाव दिलं गेलं त्याची) बघावी लागते, ती कुठल्या संग्रहालयात आहे ते शोधून तिथल्या क्युरेटरला सविस्तर मेल करायचा, बरेच जण फोटो काढून पाठवतात.

बारकोड_बॉय
मला एक कळत नाही, एवढं सगळं करण्यापेक्षा डीएनए का नाही? सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात तो जीन) सिक्वेन्स करा, डेटाबेसमध्ये टाका, जुळला नाही तर नवीन, एका आठवड्यात काम. कापसावरच्या पांढऱ्या माशीत, बेमिसिया टॅबॅकीमध्ये तर डोळ्याला एकच दिसणाऱ्या कितीतरी प्रजाती डीएनएवरूनच वेगळ्या काढल्या, ३.५ टक्के फरकाची रेघ धरून. तिथे स्लाईड हरलीच ना.

स्लाईडवाली_ताई
डीएनए करायचाच आहे, म्हणून तर अल्कोहोल सांगितलं. पण तुझं "जुळला नाही तर नवीन" हे मला मान्य नाही. पांढऱ्या माशांच्या दीड हजारावर प्रजातींना नावं आहेत, त्यातल्या बहुतेकांचा एकही सिक्वेन्स कुठे नाही, कॉर्बेटच्या १९३५ च्या स्लाईडमधल्या माशीचा तर नाहीच. मग जुळला नाही याचा अर्थ फक्त एवढाच की ती डेटाबेसमध्ये नाही. शिवाय बेमिसियावाल्यांनी वर्षानुवर्षं सीओआयचा मागचा तुकडा वापरलाय आणि बाकी जगाचा बारकोड (ओळखीसाठी ठरलेला डीएनएचा तुकडा) पुढचा आहे, दोन वेगळे तुकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत, हे लक्षात न घेता लोक निष्कर्ष काढतात.

पण बेमिसियाचा विषय काढलास ते बरं केलंस, कारण त्यातून दुसरा धडा आहे. त्या एका माशीला वेगवेगळ्या झाडांवर वेगवेगळी दिसते म्हणून जगभर वीसच्या वर नावं दिली गेली होती. १९५७ मध्ये त्यातली बरीचशी एकात घातली गेली, आणि १९६३ मध्ये माउंड या कीटकशास्त्रज्ञाने वाढवूनच दाखवलं की तीच माशी लवदार पानावर वाढली तर पाठीवर लांब केस येतात, गुळगुळीत पानावर वाढली तर येत नाहीत. पान प्युपेरियमचा आकार घडवतं. म्हणून मी त्याला दुसरी झाडं शोध म्हटलं.

बारकोड_बॉय
तुकड्यांचं मला माहीत नव्हतं, मी डासांवर काम करतो, आमच्यात ही अडचण येत नाही. पानामागे, प्रायमरचं काही लागलं तर मेसेज कर, मी मदत करतो.

नियमपुस्तक
कागदपत्रांचं मी सांगतो कारण तिथे नवीन मुलं फसतात. जैवविविधता कायदा २००२, कलम ३९: नवीन प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा, प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. दुसरं, प्राण्यांच्या नामकरणाची संहिता, चौथी आवृत्ती, २००० पासून लागू. होलोटाइप म्हणजे एकच ठरलेला नमुना स्पष्ट लिहावा लागतो आणि तो कुठे ठेवलाय किंवा ठेवणार तेही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमध्ये असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करून तो उल्लेख पेपरमध्येच यायला हवा. आणि तुला सुचलेलं नाव पेपर येईपर्यंत कुठेच टाकू नकोस, फेसबुकवर नाही, पोस्टरवर नाही, इथे तर अजिबात नाही. आदिवासी राखीव भागात संशोधनाच्या नावाखाली पाऊल टाकायचं नाही हे तुला माहीत असेलच, तरी लिहून ठेवतो.

पानामागे
सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला तीन महिने लागले त्याबद्दल माफी. मध्ये परत गेलो, पाऊस सुरू व्हायच्या आत.

झाडाला फळं होती. फांदी दाबून दाखवली, डायोस्पायरोस निघालं. हे कळलं तेव्हा हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही आलं, कारण आमच्या गावात मे महिन्यात अख्खं कुटुंब ज्या तेंदूची पानं तोडायला जायचं, आजी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायची, त्याच कुळातलं हे झाड. आयुष्यभर ती पानं हाताळली पण त्यांच्या मागे काय आहे ते कधी बघितलं नाही. आता सुट्टीत गेलो की बघणार.

तीन झाडांवरून मिळून ४१ प्युपेरिया आणि ११ रिकाम्या काती मिळाल्या, ताई तुम्ही म्हणालात तसं कागदी पाकिटात, एकालाही बुरशी नाही. पहिल्या चार स्लाईड वाया गेल्या, एक पेरॉक्साइडमध्ये जास्त राहिलं आणि पार पारदर्शक झालं, कडेचे दातसुद्धा दिसेनात. पाचवी नीट आली. लवंग तेलात असताना मायक्रोस्कोपखाली तो खड्डा पहिल्यांदा स्वच्छ दिसला, झाकण जवळजवळ पूर्ण भरून, आणि खालून जिभेचं टोक अगदी जरासं. किती वेळ बघत बसलो मलाच माहीत नाही.

आता खरी गोष्ट. मला आधी जो सगळ्यात मोठा फरक वाटला होता, पाठीवरच्या गाठींच्या दोन रांगा, तो उन्हातल्या वरच्या पानांवरच्या नमुन्यांत पुसट आहे आणि सावलीतल्या पानांवर ठळक, एकाच झाडावर. म्हणजे तो गेला. शिवण मध्येच थांबते आणि कडेचे दात, हे दोन मात्र सगळ्या झाडांवर, सगळ्या पानांवर एकसारखे आहेत. कॉर्बेटच्या कामात एक जवळची प्रजाती मिळाली, वर्णन बरंच जुळतं पण दातांचा आकडा तिथे दिलेलाच नाही आणि चित्रात शिवण नीट कळत नाही. म्हणून टाइप स्लाईडच्या फोटोसाठी मेल केलाय.

ताई, एक विचारायचं होतं, दात मोजताना मी मधल्या भागात मोजतोय, श्वासनलिकेच्या तोंडाजवळ ते बारीक होतात म्हणून ते सोडतोय, हे बरोबर आहे ना?

स्लाईडवाली_ताई
बरोबर आहे, पण मोजलेली जागा पेपरमध्ये लिही, पोटाच्या कितव्या खंडासमोर ते सुद्धा. आणि गाठींचा फरक तू स्वतःच काढून टाकलास हे वाचून मला खूप बरं वाटलं, माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी मला ते जमलं नव्हतं, दुसऱ्याने सांगावं लागलं. टाइपचा फोटो आला की दात तिथेही त्याच जागी मोज. ते वेगळे निघाले तर मला फोन कर, मग आपण होलोटाइप कोणता ठेवायचा ते स्लाईड समोर ठेवून ठरवू. तोवर लेबलवर झाड, जागा, तारीख, तुझं नाव, आणि प्रजातीच्या जागी पेन्सिलने फक्त "१".